चेहऱ्यावरचे खड्डे, बँकेचं लोन आणि ओम पुरी

भांडुपहून एका मुलाचं पत्र आलंय. नाव छापू नका म्हणालाय, त्यामुळे नाव नाही. वय २७, ऐरोलीला एका कंपनीत बॅक ऑफिसची नोकरी, वडील बेस्टमधून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले, आई घरी, धाकटी बहीण शिकतेय. कॉलेजात असताना एकांकिका केल्या, एकदा अभिनयाचं उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं आणि तेव्हापासून डोक्यात जे अ‍ॅक्टिंग शिरलंय ते निघालेलं नाही. सुट्टीच्या दिवशी वर्सोव्याला आराम नगरात जाऊन ऑडिशनच्या रांगेत उभा राहतो, बहुतेक ठिकाणी 'नॉट फिट', एका ठिकाणी तर कॅमेऱ्यामागच्या पोराने तोंडावर सांगितलं की आधी लुकवर काम कर. चेहऱ्यावर पिंपल्सचे खड्डे राहिलेत, रंग सावळा, उंची पाच फूट चार, हिंदी बोलला की मराठी वळण लगेच कळतं, हे सगळं त्याचं त्यानेच लिहिलंय. आता त्याने ठरवलंय की पर्सनल लोन काढून चेहऱ्याचं लेझर करायचं, भारीतला पोर्टफोलिओ शूट करायचा, आणि मग नोकरी सोडून फुल टाइम स्ट्रगल. पुढे लिहितो, 'ताई, ओम पुरींकडे बघून वाटतं आपणपण करू शकतो. घरी सगळे म्हणतात ते दिवस गेले. तुम्ही खरं सांगा, माझ्यासारख्याला चान्स आहे का?' आणि खाली ताजा कलम, की एक मित्र नवी एकांकिका लिहून बसवतोय, त्यात वॉचमनचा रोल देतोय, पण चारच वाक्यं आहेत, साइड रोल आहे, म्हणून नाही सांगणार आहे.

प्रिय मित्रा,

लोनचं आधी बोलते कारण ते घाईचं आहे. काढू नकोस. फॉर्म भरला असशील तर कॅन्सल कर. चेहऱ्याचा तुला स्वतःला त्रास होत असेल, आरशासमोर उभं राहावंसं वाटत नसेल, तर त्वचेच्या डॉक्टरकडे जरूर जा, केईएमला ओपीडी आहे, सायनला आहे, नायरला आहे, तिथे जाऊन नीट विचार की या खड्ड्यांचं काय होऊ शकतं आणि किती होऊ शकतं, आणि पगारातून झेपेल तसं सावकाश करत राहा. पण ते तुझ्यासाठी कर. रोल मिळावा म्हणून कर्ज काढून करू नको, कारण खड्डे बुजले म्हणून काम दिलं असं सांगणारा दिग्दर्शक मला तरी या शहरात भेटलेला नाही, आणि हप्ता मात्र दर महिन्याला ठरलेल्या तारखेला खात्यातून जाणारच, ऑडिशनचं काय झालं ते बँक विचारत नाही.

आता ओम पुरी. तू नाव अगदी योग्य माणसाचं घेतलंयस, मला ते वाचून बरं वाटलं, कारण तुझ्या वयाची मुलं हल्ली हे नाव घेत नाहीत. पण तू त्यांची गोष्ट अशी सांगतोयस की चेहरा असा असूनसुद्धा ते स्टार झाले. सगळे अशीच सांगतात, पेपरात पण तशीच छापून येते, देवीचे व्रण होते, नाक मोठं होतं, हिरोसारखं काही नव्हतं आणि तरी बघा! यात गंमत अशी होते की सगळी गोष्ट चेहऱ्यावरच अडकते, मधली वर्षं कोणी सांगतच नाही, आणि तुला उपयोग आहे तो त्या मधल्या वर्षांचा.

माणूस आत्ताच्या हरियाणातल्या अंबाल्याचा, जन्म १९५० चा. जन्मतारीखसुद्धा घरात कोणाला धड माहीत नव्हती, आई म्हणायची दसऱ्यानंतर दोन दिवसांनी झालास, तेवढंच. सहा वर्षांचे असताना वडिलांवर सिमेंट चोरल्याचा आरोप येऊन ते तुरुंगात गेले, घर गेलं, मोठा भाऊ रेल्वेत हमाली करायला लागला आणि हे पोर चहाच्या दुकानात कामाला, रुळांच्या कडेला पडलेला कोळसा गोळा करायला. तिथून शिक्षण, पंजाबातलं हौशी नाटक, मग दिल्लीला एनएसडी, म्हणजे नॅशनल स्कूल ऑफ ड्रामा, १९७० ते ७३, तिथे नसीरुद्दीन शाह बरोबरीला. इंग्रजी कच्चं होतं म्हणून तिथे इतकं बुजल्यासारखं व्हायचं की सोडून जावं असं वाटत होतं. सोडलं नाही. एनएसडी झाल्यावर परत पुण्याला फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये. म्हणजे हिशोब कर, पाचेक वर्षं निव्वळ शिकण्यात गेली, आवाज, उच्चार, शरीर, कॅमेऱ्यासमोर किती कमी करायचं, हे सगळं. तुझ्या प्लॅनमध्ये लेझर आहे, पोर्टफोलिओ आहे, शिकण्यासाठी एक ओळ पण नाहीये, हे मला सगळ्यात जास्त खटकलं.

आणि आता जे सांगते ते नीट वाच, कारण हे तुला मराठी मुलगा म्हणून जास्त लागू आहे.

ओम पुरींचा पहिला सिनेमा मराठी होता. 'घाशीराम कोतवाल', १९७६. विजय तेंडुलकरांच्या नाटकावरून पुण्याच्या इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या पोरांनी एकत्र येऊन, को-ऑपरेटिव्ह काढून केलेला. मोहन आगाशे नाना फडणवीस आणि घाशीराम ओम पुरी. अंबाल्याचा पंजाबी मुलगा, मराठी येत नाही, आणि पहिलं काम घाशीरामचं. मग मुंबई. इथे आल्यावर काय लगेच कोणी गाडी पाठवली नाही, इथे ते रोशन तनेजांच्या अ‍ॅक्टिंग स्कूलमध्ये शिकवत होते, अनिल कपूर, गुलशन ग्रोव्हर त्यांचे विद्यार्थी. 'मजमा' नावाचा स्वतःचा नाटकाचा ग्रुप काढला. १९७८ च्या नोव्हेंबरात जुहूला पृथ्वी थिएटर सुरू झालं तेव्हा तिथे पहिलं नाटक कोणतं झालं माहितीये? 'उद्ध्वस्त धर्मशाळा', आपल्या गो. पु. देशपांडेंचं, हिंदीतून. त्यात हे होते आणि नसीर होते. मग १९८० ला 'आक्रोश', पटकथा विजय तेंडुलकर. मग १९८३ ला 'अर्धसत्य', मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची 'सूर्य', पटकथा परत तेंडुलकर, हिंदी संवाद वसंत देव, आणि सिनेमात जी कविता म्हटली जाते ती दिलीप चित्र्यांची.

बघ म्हणजे, ७६ ते ८३, सात वर्षं, आणि ज्या कामांनी हा माणूस घडला त्यात मागे एकेक मराठी लेखक उभा आहे. हे काही नशिबाने नाही झालं. ते त्या लोकांच्यात वावरत होते. तेंडुलकर आधी दिग्दर्शक श्याम बेनेगलांसाठी 'निशांत' लिहितात, गोविंद निहलानी बेनेगलांचे कॅमेरामन, निहलानी 'आक्रोश' पासून स्वतः दिग्दर्शक झाल्यावर तेंडुलकरांकडे जातात, आणि अ‍ॅक्टर कोण तर जो नाटकात, छोट्या कामांत, तालमीच्या हॉलवर सतत डोळ्यासमोर आहे आणि ज्याच्यावर विश्वास बसलाय असा. ऑडिशनच्या रांगेत ४०० जणांतला एक म्हणून हे नाही व्हायचं. दोन मिनिटं कॅमेऱ्यासमोर नाव, उंची, डावी बाजू उजवी बाजू, यात दिसतो फक्त चेहरा, आणि मग 'नॉट फिट' असंच उत्तर येणार, कारण समोरच्याकडे तुझ्याबद्दल दुसरी माहितीच नाहीये. जिथे लोक तुला तीन महिने तालमीत बघतात तिथे चेहरा ही पहिल्या आठवड्याची गोष्ट असते, नंतर कोणाला आठवतसुद्धा नाही.

म्हणून आता तो वॉचमन. हे लिहिताना मी खरंच कळकळीने सांगतेय, तो रोल सोडू नको. 'आक्रोश' बघितला नसशील तर या रविवारी बघ. लहान्या भिकू, आदिवासी, बायकोच्या खुनाचा आरोप त्याच्यावर, बायको स्मिता पाटील, आणि ज्यांनी तिच्यावर बलात्कार करून तिला मारलं ते सगळे गावातले प्रतिष्ठित लोक बाहेर मोकळे. नसीर त्याचा वकील, तो विचारतोय, परत परत विचारतोय, आणि हा बोलतच नाही. जवळजवळ अख्खा सिनेमा तो माणूस गप्प आहे. नुसते डोळे, नुसती मान, बेड्या घातलेले हात. आणि शेवटी बापाच्या चितेपाशी तो कुऱ्हाड उचलतो आणि स्वतःच्या बहिणीला मारतो, कारण तिचं पुढे काय होणार हे त्याला दिसतंय, आणि मग जो किंचाळतो तो आवाज मला आजही ऐकवत नाही. या कामाला त्यांना फिल्मफेअर मिळालं. आता तो रोल कागदावर वाचायला दिला असता आणि वाक्यं मोजायला सांगितली असती तर तुझ्या हिशोबाने तो साइड रोलच झाला असता ना?

चार वाक्यांचा वॉचमन म्हणजे उरलेला सगळा वेळ तू स्टेजवर ऐकतोयस. ऐकणं ही अ‍ॅक्टिंगमधली सगळ्यात अवघड गोष्ट आहे, एकांकिकेच्या पोरांना ती येत नाही, कारण स्पर्धेत सगळे मोठ्याने बोलून परीक्षकांना जिंकायच्या मागे असतात. वॉचमन रात्री दोन वाजता कसा बसतो, कोणत्या गाडीला उठून गेट उघडतो आणि कोणत्या गाडीला बसल्या बसल्या हात करतो, त्याला सोसायटीतलं काय काय माहीत असतं जे तो कधीच बोलत नाही. तुझ्या बिल्डिंगच्या, ऑफिसच्या वॉचमनशेजारी जाऊन बस, चहा पाज, बोल त्याच्याशी. तुझा मित्र लिहितोय ही किती मोठी गोष्ट आहे हे तुझ्या लक्षातच आलेलं नाहीये! तुझ्या ओळखीत एक लिहिणारा माणूस आहे, तो तुला डोळ्यासमोर ठेवून काहीतरी देतोय, आणि तू त्याला नाही म्हणून आराम नगरच्या रांगेत उभा राहणार? त्याच्याबरोबर राहा. तो पुढचं लिहील, त्याच्या पुढचं लिहील, सगळं चांगलं नसेल, पण त्यातलं एखादं तुझ्यासाठी असेल.

'अर्धसत्य' बद्दल थोडं जास्त लिहिते कारण मला तो सिनेमा फार जवळचा आहे आणि तुझ्या घराशी त्याचा संबंध आहे असं मला वाटतं. अनंत वेलणकर, मुंबई पोलिसातला सब इन्स्पेक्टर, बाप हवालदार होता, कडक, मारकुटा, मुलाला पुढे शिकायचं होतं आणि बापाने जबरदस्ती पोलिसात घातलं. आता सांग, हा रोल कोणा गोऱ्यापान चिकण्या हिरोने केला असता तर? भारी दिसला असता, शिट्ट्या पडल्या असत्या, पण तो हवालदाराचा मुलगा वाटला नसता. ओम पुरींचा चेहरा तिथे आड येत नव्हताच, तो चेहराच खरा होता, त्या माणसाने काय काय गिळलंय ते त्यावर दिसत होतं. जेव्हा गोष्ट हवालदाराच्या मुलाची असते तेव्हा हवालदाराच्या मुलासारखा दिसणारा माणूस लागतो. इतकं साधं आहे ते. प्रश्न हा असतो की गोष्ट कोणाची सांगितली जातेय. त्या सिनेमासाठी नॅशनल अवॉर्ड मिळालं, त्याच्या आदल्या वर्षीच्या 'आरोहण' साठी पण मिळालं होतं, म्हणजे लागोपाठ दोन. आणि सिनेमा नुसता फेस्टिवलमध्ये नाही, थिएटरात चालला.

त्याच सिनेमातला रामा शेट्टी आठवतो? सदाशिव अमरापूरकर. नगरचा माणूस, मराठी नाटकं करणारा, निहलानींनी त्यांना 'हँड्स अप' या मराठी नाटकात बघितलं आणि घेतलं. त्या पहिल्या मोठ्या हिंदी कामाला फिल्मफेअर. हिंदी त्यांचंही मराठी वळणाचंच होतं आणि रामा शेट्टीला ते शोभलं. पुढे १९९१ ला 'सडक' मधली महारानी केली तेव्हा तर लोक घाबरले अक्षरशः. ते पण काही हिरो म्हणून पोस्टरवर लावावेत असे दिसत नव्हते. त्यांना कोणी बघितलं कुठे, तर नाटकात.

आणि त्यातच वेलणकरचा बाप झालेले अमरीश पुरी, त्यांचं तर तू नोकरीसाठी लक्षात ठेव. थोरले भाऊ मदन पुरी सिनेमात होते म्हणून हे मुंबईत हिरो व्हायला आले, स्क्रीन टेस्टला नापास झाले. मग काय केलं, तर कामगार विमा महामंडळात, ईएसआयसीत नोकरी धरली, जवळजवळ दोन दशकं केली, आणि संध्याकाळी नाट्यदिग्दर्शक सत्यदेव दुबेंकडे नाटक. चाळिशी आल्यावर सिनेमात नीट कामं मिळायला लागली, 'निशांत', 'मंथन', आणि हात भरल्यावर मग नोकरी सोडली. मोगॅम्बो १९८७ चा, तेव्हा त्यांचं वय पंचावन्नच्या आसपास. अमोल पालेकरांचं पण तेच, जे.जे.ला चित्रकला शिकलेले, बँक ऑफ इंडियात नोकरी, आणि नाटक परत दुबेंकडेच. १९७४ ला 'रजनीगंधा' आला, मग 'छोटीसी बात', 'चितचोर', आणि १९७९ च्या 'गोलमाल' ला फिल्मफेअरचा बेस्ट अ‍ॅक्टर, अमिताभच्या जमान्यात! ते काही मारामारी करणारे, ना नाचणारे. ऑफिसला जाणारा, बसस्टॉपवर मुलीकडे बघून नुसता घाबरणारा मुंबईकर मुलगा, आणि हे रोल करताना बँकेतली वर्षं कामाला आली नसतील असं मला तरी वाटत नाही.

तर नोकरी आत्ता सोडू नको. मला माहितीये तुला हे ऐकायचं नव्हतं. तुझ्या मनात असं बसलंय की नोकरी सोडली की आपण सिरियस आहोत हे सिद्ध होतं, अर्धवेळ करणारा म्हणजे हौशी. उलट बघ, नोकरी सोडलेला मुलगा तिसऱ्या महिन्यात भाडं, घरखर्च, बहिणीची फी याच्या टेन्शनमध्ये मिळेल ते काम घेतो, सिरियलमध्ये मागे उभं राहण्याचं दिवसाचं काम, रात्री बारापर्यंत सेटवर नुसतं बसून, आणि तालमीला त्याला वेळच उरत नाही. तुझ्याकडे पगार आहे म्हणून तुला चार वाक्यांचा बिनपैशाचा वॉचमन करता येतोय. शिफ्टचं बोलून बघ ऑफिसात, सकाळची कायम मिळत असेल तर घे, दोन पैसे कमी मिळाले तरी चालतील, म्हणजे संध्याकाळ मोकळी. ऐरोलीहून मुलुंड, ठाणे, दादर कुठेही तालमीला पोचशील. आणि रजा वाचवून ठेव, स्पर्धेच्या आठवड्यात लागतात.

हिंदीचं. यावर मेहनत घ्यायचीच, कारण चेहरा बदलत नाही पण जीभ बदलते. ज्या ओम पुरींना इंग्रजी येत नाही म्हणून दिल्लीत कोपऱ्यात बसावंसं वाटायचं त्यांनी पुढे १९९७ ला 'माय सन द फॅनॅटिक' नावाच्या ब्रिटिश सिनेमात मुख्य भूमिका केली, १९९९ ला 'ईस्ट इज ईस्ट' केला आणि त्या कामाला बाफ्टा या ब्रिटिश फिल्म अवॉर्डचं नॉमिनेशन होतं. आणि हिंदीत त्यांचा आवाज आठव, दूरदर्शनवर 'भारत एक खोज' लागायचं, तो आवाज ऐकून आमच्या पिढीने इतिहास ऐकलाय. तो जन्मजात नव्हता, कमावलेला होता. तू रोज अर्धा तास हिंदी मोठ्याने वाच, प्रेमचंद वाच, फोनवर रेकॉर्ड कर, ऐक, 'ज' आणि 'ज़', 'फ' आणि 'फ़' कुठे चुकतोय ते बघ. कोणी उर्दू-हिंदीचं नाटक करणारं भेटलं तर त्याच्यासमोर बसून वाच. पण मराठी पुसून टाकायच्या मागे लागू नको, त्या वळणाची माणसं या शहरात रोज लिहिली जातात आणि ती करायला माणसं लागतात. आवाज तयार झाला की डबिंगची कामं पण मिळू शकतात, त्यात चेहरा कोणी बघत नाही आणि हातात चार पैसे येतात.

पोर्टफोलिओ. महागडा नको. कास्टिंगवाल्यांना तू आत्ता जसा दिसतोस तसे साधे फोटो लागतात, खिडकीजवळच्या उजेडात मित्राने फोनवर काढलेले चालतात, समोरून, बाजूने, पूर्ण उंचीचा. फोटोत खड्डे घालवून गुळगुळीत केलेला चेहरा पाठवलास आणि प्रत्यक्षात तू गेलास की समोरचा वैतागतो. ऑडिशनला जाणं बंद कर असं नाही म्हणत, जा, पण महिन्यातून एखाद-दोन, रोलबद्दल आधी वाचून, तुझ्या वयाचा आणि वळणाचा रोल असेल तरच. आणि रजिस्ट्रेशन फी, कार्डाचे पैसे, वर्कशॉप केलं तर रोल नक्की, असं कोणी म्हणालं तर तिथून उठून ये. काम देणारा माणूस तुझ्याकडून पैसे घेत नाही, तो देतो.

आता तुझा मेन प्रश्न, चान्स आहे का. घरचे म्हणतात ते दिवस गेले, त्यात थोडं खरं आहे. ते समांतर सिनेमाचं वारं होतं, त्यात बेनेगल, निहलानी, तेंडुलकर, दुबे, इकडे दादरच्या छबिलदास शाळेत प्रायोगिक नाटक, सगळं एका वेळी जमून आलं होतं, ते तसंच्या तसं परत येणार नाही. पण सामान्य दिसणाऱ्या माणसांच्या गोष्टी संपल्या असं कोणी म्हटलं तर मी ऐकणार नाही. चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' २०१४ चा, आपल्या मुंबईतल्या कोर्टाचा, त्यातला शाहीर करणारे वीरा साथीदार स्वतः चळवळीतले कार्यकर्ते होते, अ‍ॅक्टर नव्हते, आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक त्या सिनेमाला मिळालं. 'सैराट' २०१६ चा, त्यातले चेहरे कुठल्या पोर्टफोलिओतून आले होते? हे अजून होतं, कमी होतं, पण होतं.

तरी मी तुला 'हो, तू होशील स्टार' असं लिहून देणार नाही, ते माझ्याच्याने होणार नाही. ओम पुरींच्या बरोबरीने शिकलेले कितीतरी चांगले अ‍ॅक्टर होते ज्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत. आणि स्टार झाल्यावरसुद्धा ओम पुरींचं सगळं सोनं झालं असं नाही, 'अर्धसत्य' सारखे रोल दर वर्षी कोणी लिहीत नव्हतं, त्या सिनेमांत पैसेही फार नसायचे, मग त्यांनी कमर्शियल सिनेमे केले, 'चाची ४२०' केला, 'हेराफेरी' केला, 'मालामाल वीकली' केला, काही तर अगदी विसरून जावेत असे पण केले. मला त्याचं वाईट वाटत नाही. 'जाने भी दो यारों' मधला दारुड्या आहुजा करणारा आणि 'तमस' मधला नथ्थू करणारा एकच माणूस आहे आणि दोन्हीकडे तो मनापासून करतोय, ही मला त्यांच्या करिअरमधली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते, अवॉर्डपेक्षा. म्हणून तू स्वतःला हे विचारून बघ की स्टार नाही झालो, आयुष्यभर असे वॉचमन, कारकून, हवालदार करत राहिलो, शिवाजी मंदिरला, गडकरीला प्रयोग करून शेवटची लोकल पकडून भांडुपला आलो, सकाळी ऑफिसला गेलो, तर ते आयुष्य आवडेल का? उत्तर हो असेल तर चान्स वगैरे विचारायची गरजच नाही, तू आत्ताच कामाला लागू शकतोस. उत्तर नाही असेल, पोस्टरच हवं असेल, तर तेही ठीक आहे, त्यात लाज नाही, पण मग ओम पुरींच्या मार्गाने जाऊ नको, त्या रस्त्यावर पोस्टर फार उशिरा येतं.

वडिलांशी बोल. तू लिहिलंयस की ते काहीच बोलत नाहीत, नुसते पेपर वाचत बसतात आणि त्यांना तुझं पटत नाही. त्यांना तुझी एकही एकांकिका दाखवली आहेस का? पत्रात कुठे तसं दिसलं नाही. कंडक्टरने आयुष्यभर जितकी माणसं जवळून बघितलेली असतात तितकी कुठल्या अ‍ॅक्टिंग क्लासमध्ये बघायला मिळत नाहीत, त्यांना विचार, रात्रीच्या शेवटच्या बसला कोण कोण असायचं, वॉचमन लोक ड्युटीवर जाताना कसे बसायचे, तिकिटाचे पैसे कसे काढायचे. नोकरी सोडत नाहीये आणि लोन काढत नाहीये हे आधी सांग म्हणजे त्यांचा जीव खाली पडेल, मग हे विचार. आणि मित्राला आजच फोन करून सांग की वॉचमन मी करतोय, तालीम किती वाजता आहे.

तुझी,
ताई